माझ्याच मुलाला मूल्यं विचारायला दुसऱ्या बाई कशाला?

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. फलटण तालुक्यात, पालखी मार्गावरच आमचं घर. मुलगा १७ वर्षांचा. दहावीला ९४ टक्के पडले म्हणून गेल्या वर्षी त्याला नीटच्या क्लाससाठी लातूरला ठेवलं. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. दिवसभर खोलीत, हातात मोबाइल, रात्री जागरण, जेवण अर्धवट. काही बोललं की दार आपटतो. मार्चपासून त्याला साताऱ्याला एका काउन्सेलर मॅडमकडे नेतो. नऊ वेळा झालं. अभ्यासाचं त्यांनी अजून नावही काढलेलं नाही. ‘तुला कसं वागायला आवडेल’, ‘तुझ्या लेखी मोलाचं काय’ असलंच विचारतात. मागच्या वेळी मलाही आत बोलावलं आणि तोच प्रश्न लिहिलेला कागद हातात दिला. मी वीस वर्षं परिपाठ घेते, मूल्यशिक्षण शिकवते. माझ्याच मुलासाठी हे दुसऱ्या कोणी करावं म्हणजे आमचे संस्कार कमी पडले का? तो काय बोलतो तेही त्या सांगत नाहीत. त्याचे वडील म्हणतात, हे सगळं थांबवा आणि त्याला लातूरला पाठवा. तिथल्या खोलीचं भाडं ते अजून दर महिन्याला भरतात. त्याची गादी, पेटी, पुस्तकं तिथेच आहेत. ती आणावी का?

नुकतीच पालखी येऊन गेली. दरवर्षी आमच्याकडे दीडशे भाकऱ्या होतात. त्या रात्री मात्र हा आपणहून खोलीबाहेर आला आणि अकरा वाजेपर्यंत वारकऱ्यांच्या पायांना तेल लावत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार बंद. काय समजायचं आम्ही?

— एक आई

ता. क. डिसेंबरात एकदा म्हणाला होता, ‘मी नसतो तर तुमचे पैसे तरी वाचले असते.’ रागात म्हणाला असेल.

•

प्रिय ताई,

तुमच्या पत्राला मी शेवटाकडून सुरुवात करते, कारण सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिली आहे.

रागात म्हणाला असेलही. पण विचारल्याशिवाय ते कळणार नाही, आणि विचारायला हवं ते तुम्हीच. आज रात्री, दिवे मालवायच्या आधी, त्याच्या खोलीत जाऊन बसा आणि सरळ विचारा: ‘डिसेंबरात तू जे म्हणालास ते माझ्या मनातून जात नाही. जगूच नये असं वाटतं का रे तुला? आता, या दिवसांत वाटतं?’ विचारल्यामुळे नको ते डोक्यात भरवलं जाईल, अशी भीती जवळजवळ प्रत्येक आईला वाटते. तसं होत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वागवलेलं ओझं कोणाला तरी दिसलं, एवढ्यानेच पुष्कळ मुलं मोकळा श्वास घेतात. तो ‘हो’ म्हणाला तर रडू आलं तरी चालेल, पण शपथा घालू नका, ‘आमचा विचार केलास का’ असं म्हणू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी त्या मॅडमना फोन करा. त्या भेटल्या नाहीत तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. २०२२पासून चालू आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणखी एक, घरात शेती असेल तर फवारणीचं औषध आजच कुलपात ठेवा. तो ‘नाही’ म्हणाला तरी ठेवा.

दुसरी गोष्टही याला लागूनच येते. आठ-नऊ महिने झोप उलटी झाली आहे, जेवण कमी झालं आहे, माणसांत येणं थांबलं आहे. त्याला एकदा मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायला हवं. काउन्सेलर किंवा सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात, तर मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्याच विषयात पुढे शिकलेले डॉक्टर असतात आणि गरज असेल तर औषध देतात. जिल्हा रुग्णालयातही हा विभाग असतो. नैराश्याचा आजार असेल तर मूल्यांवर कितीही सुंदर बोलणं झालं तरी ते औषधाची जागा घेत नाही. तुमच्या मॅडमनी हे आधीच सुचवलं असेल तर चांगलंच. नसेल तर तुम्ही विचारा. त्यांचं शिक्षण काय, त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हेही मोकळेपणाने विचारा. चांगल्या उपचारकाला याचा राग येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. संस्कार कमी पडले का?

नाही, ताई. गोंधळ एका शब्दाने केला आहे. तुम्ही शाळेत जी मूल्यं शिकवता ती फळ्याच्या वर रंगवलेली असतात: वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता अशी दहा. ती सगळ्यांना सारखी आणि मोठ्यांनी ठरवलेली. शाळेला ती लागतातच. त्या मॅडमच्या खोलीतला ‘मूल्य’ हा शब्द मात्र वेगळ्या अर्थाने येतो. तिथे विचारलं जातं ते असं: तुझ्या आयुष्यातले दिवस तू कोणत्या रीतीने घालवलेस तर तुलाच ते तुझे वाटतील? तुम्ही भाषा शिकवत असाल तर तुम्हाला हे व्याकरणातून पटकन कळेल. तिथे शोध असतो तो क्रियाविशेषणाचा. अभ्यास करणं ही क्रिया झाली. कसा करायचा? कुतूहलाने? हळुवारपणे? निधड्या छातीने? हे ‘कसं’ दुसऱ्याला भरून देता येत नाही.

ही पद्धत कुठून आली तेही थोडक्यात सांगते, कारण ‘हे काय नवीनच’ असा सूर मला तुमच्या पत्रात ऐकू आला. स्टीव्हन हेज हे अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक. १९७८मध्ये आपल्याच विभागाच्या बैठकीत त्यांना पॅनिक अटॅक आला. बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. त्यानंतर ते भीतीपासून पळत राहिले आणि जितके पळाले तितकी भीती वाढली. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. पुढे त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर जी पद्धत मांडली, तिचं पहिलं मोठं पुस्तक १९९९मध्ये आलं. ‘ॲक्ट’ (ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) या नावाने ती ओळखली जाते. तिचा गाभा मी माझ्या शब्दांत असा सांगेन: आधी भीती घालवू आणि मग जगायला लागू, असं म्हणत बसलं तर आयुष्य तिष्ठत राहतं. भीतीला शेजारच्या सीटवर बसू द्यायचं आणि आपल्याला जिथे जायचं आहे ती एसटी धरायची. पण त्यासाठी कुठे जायचं हे ठाऊक हवं, म्हणून मूल्यांचा प्रश्न. किशोरवयीन मुलांसाठी लुईस हेज आणि जोसेफ चियारोची यांनी याच विचारावर २०१५मध्ये वेगळी मांडणी केली. तिच्यातही मधोमध मूल्यंच आहेत.

नीटचे ७२० पैकी अमुक गुण हे ध्येय आहे. मिळाले की संपलं, नाही मिळाले तरी संपलं. मूल्य असं संपत नाही. हे मी तुम्हाला समजावणं म्हणजे खरं तर उलटंच आहे, कारण तुमच्या दारावरून दरवर्षी पालखी जाते. वारकरी पंढरपूरला पोचतो, कळसाला हात जोडतो, घरी परततो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पिशवी भरतो. ‘एकदा जाऊन आलो, झालं’ असं तो म्हणत नाही. तुमच्या मुलाला लातूरला फक्त कळस दाखवला गेला. रोजच्या चालण्यात त्याचं स्वतःचं असं काही उरलं होतं का, हे बहुधा कोणी विचारलं नाही.

आता त्या रात्रीकडे या. तुमच्या पत्रात हीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आठ महिने दार बंद करून बसलेला मुलगा आपणहून बाहेर येतो आणि अनोळखी माणसांच्या पायांना तेल लावतो. मैलोन्मैल चालून आलेले पाय, भेगाळलेले, फोड आलेले. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, गुण मिळणार नव्हते, मोबाइल बाजूला होता. मी त्या मॅडमच्या जागी असते तर अभ्यासाचं सोडाच, मी तासभर याच रात्रीबद्दल विचारलं असतं. कोणाच्या पायांशी पहिल्यांदा बसलास? ते काय बोलले? हात दुखायला लागले तेव्हा उठावंसं वाटलं का, आणि तरी का बसलास? त्या दोन-तीन तासांत डोक्यातली कटकट चालू होती की थांबली होती? मुलांना ‘तुझं मूल्य काय’ असं विचारलं तर ती पाठ केलेलं उत्तर देतात. कुठल्या वेळी ती पूर्ण हजर होती, हे विचारलं तर खरं सापडतं.

पण इथेच थांबा, कारण पुढे खड्डा आहे. ‘बघा, त्याला सेवा आवडते, म्हणजे त्याला डॉक्टरच व्हायचंय!’ हे वाक्य तुमच्या मनात येऊन गेलं असेल, त्याच्या वडिलांच्या तर नक्कीच येईल. कृपा करून ते बोलू नका. त्याला थकल्याभागल्या माणसाजवळ बसायला आवडतं, एवढंच आपल्याला कळलं आहे. ते डॉक्टर होऊन करता येतं, नर्स होऊन, शिक्षक होऊन, किराणा दुकान चालवूनही करता येतं. त्या रात्रीला तुम्ही नीटच्या अर्जाला जोडलंत, तर पुढच्या वर्षी पालखी येईल तेव्हाही ते दार बंदच राहील.

तसाच तो कागद. मुलगाही त्यावर काही लिहून घरी आणेल, कधी टेबलावर विसरेल. समजा त्यावर ‘मला प्रामाणिक राहायचंय’ असं असेल आणि दोन दिवसांनी तो मोबाइलबद्दल खोटं बोलला. ‘तूच लिहिलं होतंस ना?’ असं म्हटलं की मूल्याचा चाबूक होतो आणि मुलगा पुन्हा कधी खरं लिहीत नाही. मीही हेच काम करते. माझ्याकडे हाताने एकेक मूल्य लिहिलेली चाळीसेक कार्डं आहेत, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेली. एक पंधरा वर्षांची मुलगी (ओळख पटू नये इतके तपशील बदलून सांगते आहे) ती लावत होती. ‘कुटुंब’ सगळ्यात वर ठेवलं, मग दाराकडे पाहिलं. दाराबाहेर तिचे वडील बसले होते. मी म्हटलं, वडिलांना मी हे दाखवणार नाही. तिने ते कार्ड उचललं, तिसऱ्या ओळीत ठेवलं आणि वर ‘मोकळं हसणं’ आणलं. त्यानंतरच आमचं काम सुरू झालं. गंमत अशी की चार महिन्यांनी तिने ‘कुटुंब’ पुन्हा वर घेतलं. तेव्हा मात्र तिची नजर दाराकडे गेली नाही.

म्हणूनच त्या मॅडम तुम्हाला आतलं बोलणं सांगत नाहीत. त्यांना तो विश्वास राखावाच लागतो. त्याच्या जिवाला धोका दिसला तर त्या तुम्हाला सांगतील. बाकी काय चाललं आहे याची साधारण दिशा तुम्ही तिघांनी बसून विचारू शकता, तो तुमचा हक्कच आहे.

‘मग अभ्यास कधी?’ हा त्याच्या वडिलांचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली असते. माझा अनुभव आणि संशोधन दोन्ही एकच सांगतात: या वयात मुलं दुसऱ्याने सांगितलेल्या फायद्यासाठी हलत नाहीत, स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टीसाठी हलतात. टेक्सासमधल्या आठवीच्या मुलांवरचा एक अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. चटकमटक खाऊ नका, तब्येत बिघडेल, हे नेहमीचं काही मुलांना सांगितलं. दुसऱ्या गटाला सांगितलं की मोठ्या कंपन्या तुम्हाला आणि लहान मुलांना फसवून हे खायला लावतात. म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याच्या आणि न्यायाच्या भावनेलाच हात घातला. दुसऱ्या दिवशी शाळेत खाऊ निवडताना या दुसऱ्या गटाने गोड, अरबट-चरबट कमी घेतलं. एक दिवसाची गोष्ट आहे, मी तिला डोक्यावर घेणार नाही. पण कळ कुठे आहे ते त्यातून दिसतं.

त्या मॅडम आणखी एक काम करत असणार. ‘मला साडेसहाशे पडलेच पाहिजेत’, ‘मी आईबाबांना निराश करताच कामा नये’. ही वाक्यं आपल्या घरांतून रोज ऐकू येतात आणि सगळं विष त्या ‘च’मध्ये असतं. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५पासून जी पद्धत उभी केली, ती बरीचशी या हट्टाशीच झुंजते. ‘च’ पाळला गेला नाही की मुलाच्या मनात पुढचं वाक्य तयार असतं: मी नालायक आहे. ‘ॲक्ट’मध्ये त्याला एवढंच शिकवतात की ‘मी नालायक आहे’ आणि ‘मी नालायक आहे असा विचार आत्ता माझ्या मनात आला आहे’ यांत अंतर आहे. दुसरं वाक्य म्हणताना विचार हातभर लांब जातो. मग त्या विचारासकट एक छोटं पाऊल टाकायचं. ते त्याने निवडलेलं असावं, मग ते हसू येईल इतकं लहान असलं तरी चालेल. रात्री सगळ्यांबरोबर ताटावर बसणं, आठवड्यातून एक दिवस कॉलेजच्या प्रॅक्टिकलला जाणं, काहीही.

राहिला तुमच्या हातातला कागद. तुम्हाला तो अपमान वाटला हे मी समजू शकते. पण हा प्रश्न फक्त मुलांसाठी नसतो. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी मोठे असतात. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, ज्याला सकाळी दहाला काय करायचं कळत नाही. सून आल्यावर स्वयंपाकघरातली जागा गेली म्हणून झोप उडालेली बाई. त्यांचं पद, काम, ओळख सुटलेली असते, आणि त्यामागचं ‘कसं’ कोणी कधी विचारलेलंच नसतं. त्या गृहस्थांना बँकेत काय आवडायचं हे उकरता उकरता निघालं की पेन्शनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना ते फॉर्म भरून द्यायचे. आता ते आठवड्यातून दोन सकाळी सोसायटीतल्या लोकांना तेच करून देतात. रिकामपण अजून पूर्ण गेलेलं नाही, पण त्या दिवशी दहा वाजता ते घरात नसतात.

तुम्ही तो कागद भरताना स्वतःला एक विचारा: कोणालाच कधी कळणार नसेल, तरी मी हे करीन का? दीडशे भाकऱ्यांबद्दल विचारा. मला वाटतं उत्तर ‘हो’ येईल. चुलीपाशी घाम पुसताना तुम्ही गावात कोण काय म्हणतंय याचा विचार करत नसाल. मग ‘मुलगा डॉक्टर झाला पाहिजे’ याबद्दल विचारा. तिथे उत्तर तितकं चटकन येणार नाही. त्यात प्रेम आहे, ‘बाईंचाच मुलगा घरी बसला’ ही स्टाफरूममधली कुजबुज आहे, आणि त्याच्या भविष्याची खरी काळजीही आहे. सगळं एकत्र मळलेलं. ते वेगळं करायला तुम्हालाही कोणाची तरी मदत लागली तर त्यात कमीपणा कसला? आणि एक पाहा. भुकेल्या, दमल्या माणसापुढे बसून त्याचं काही करावं, हे तुमच्या मुलाने कुठून उचललं? परिपाठातून नव्हे. तो लहानपणापासून तुमच्या परातीशेजारी बसून बघत आला आहे. संस्कार कमी पडले का असं तुम्ही मला विचारलंत, आणि त्याच पत्रात उत्तरही लिहिलंत.

म्हणून दहाव्या वेळेला जा. वडिलांनाही न्या. ते आत येणार नाहीत म्हणाले तर पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसू द्या. त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. दर महिन्याला भाडं भरणारा बाप आशा सोडायला घाबरतो आहे, एवढंच मला त्यात दिसतं.

गादी आणि पेटी मात्र त्याला न विचारता आणू नका, आणि न विचारता तिथे राहूही देऊ नका. त्याला सांगा, ‘भाडं आपण भरतोय, सामान तिथे आहे, काय करावं तुला वाटतं?’ तो म्हणेल, ‘तुम्ही ठरवा.’ तेव्हा ठरवू नका, आठवडाभर थांबा आणि पुन्हा विचारा. आणायचं ठरलं तर टेम्पो पाठवून आणू नका, तिघं मिळून जा. खोलीचं कुलूप त्याला उघडू द्या. भिंतीवर त्याने टाइमटेबल चिकटवलेलं असेल. ते काढायचं की ठेवायचं हे त्याचं तो बघेल, तुम्ही तोवर गादी गुंडाळायला घ्या. परतीच्या वाटेवर नीटचा विषय नको. भूक लागली का, एवढं विचारा, आणि भाकरी घरूनच बांधून न्या.